तो असता तर…



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाबरोबर मी एका स्पर्धेला गेलो होतो. मी शिकवतो तर्कशास्त्र. फुटबॉलमधले मला फार कळते अशातला भाग नाही. पण संघाबरोबर एक प्राध्यापक पाठवावा लागतो, आणि त्या वर्षी ती पाळी माझ्यावर आली. आमची मुले अंतिम सामन्यापर्यंत पोचली आणि तिथे एका गोलने हरली. आमचा सर्वांत तरबेज खेळाडू आदल्या दिवशी घोटा मुरगळल्यामुळे मैदानाबाहेर बसला होता. परत येताना एस.टी.मध्ये तीन तास दुसरा विषय नव्हता. "सर, तो असता ना, तर कप आपलाच होता." "असता तर? अहो, तीन गोलांनी जिंकलो असतो!" मीही मान डोलावत होतो.

त्याच गाडीत, अगदी मागच्या बाकावर, आणखी एक मुलगा बसला होता. जायबंदी खेळाडूच्या जागी जो खेळला, तो हा. तीन तासांत तो एक शब्दही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात तो मैदानावर आला नाही; त्याच्या पुढच्या आठवड्यातही आला नाही. चौकशी केली तेव्हा म्हणाला, "सर, अभ्यास आहे." अभ्यास वगैरे काही नव्हता. आम्ही सगळे जे बोलत होतो ते नसलेल्या मुलाच्या कौतुकाचे होते, असे आम्हाला वाटत होते. त्याने मात्र त्याच वाक्याचा अर्थ घेतला होता, "तू होतास म्हणून हरलो."

तर मंडळी, "तो असता तर" या वाक्याबद्दल आज चार शब्द बोलावेत असे मनात आहे. "आत्याबाईला मिशा असत्या तर" अशी आपल्याकडे एक म्हण आहे, आणि जर-तरच्या गोष्टींना आपण त्या म्हणीने उडवून लावतो. पण उडवून लावले तरी माणूस तसे बोलायचा राहत नाही. तेव्हा न उडवता हा प्रश्न नीट विचारता येतो का, ते पाहू. त्यासाठी आमच्या कॉलेजचा सामना फार लहान पडेल. फुटबॉलच्या इतिहासातला एक फार मोठा पराभव घेऊ. तो आहे 1954 सालचा, स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हंगेरीचा पश्चिम जर्मनीकडून झालेला पराभव.

हंगेरी हा तसा लहानसा देश. पण त्या काळी त्याच्या संघासारखा संघ जगात नव्हता. मे 1950 नंतर चार वर्षे हा संघ एकही अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना हरलेला नव्हता. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले. नोव्हेंबर 1953 मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर त्याने इंग्लंडला 6-3 असे हरवले, आणि पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला घरी बोलावून 7-1 असे धुऊन काढले. या संघाचा कर्णधार होता फेरेन्स पुस्काश. बुटका, थोडा स्थूल, पण डाव्या पायात विलक्षण ताकद आणि अचूकपणा असलेला खेळाडू. लष्करी संघाकडून खेळत असल्यामुळे लोक त्याला मेजर म्हणत.

विश्वचषकात हंगेरीने पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाला 9-0 असे हरवले. दुसरा सामना 20 जून रोजी बासल येथे पश्चिम जर्मनीशी झाला. तो हंगेरीने 8-3 असा जिंकला. जर्मनीचे प्रशिक्षक सेप हेर्बर्गर यांनी त्या दिवशी आपले बरेचसे प्रमुख खेळाडू विश्रांतीसाठी बाहेर ठेवले होते. याच सामन्यात जर्मनीच्या वेर्नर लीब्रिखची लाथ पुस्काशच्या घोट्याला लागली. ती जाणूनबुजून मारली की चुकून लागली, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. पुस्काश लंगडत बाहेर गेला. त्या काळी विश्वचषकात बदली खेळाडू उतरवण्याची सोयच नव्हती; ती आली 1970 सालापासून. त्यामुळे उरलेला सामना हंगेरी दहा जणांनिशी खेळली.

आता इथून पुढचे नीट लक्षात घ्या. उपउपांत्य सामन्यात हंगेरीपुढे ब्राझील होता. पुस्काश नव्हता. हंगेरी 4-2 अशी जिंकली. उपांत्य सामन्यात उरुग्वे होता. हा संघ 1950 चा जगज्जेता, आणि विश्वचषकात तोवर कधीही न हरलेला. पुस्काश याही सामन्यात नव्हता. सामना जादा वेळेत गेला आणि शांडोर कोचिशने दोन गोल करून तोही 4-2 असा जिंकून दिला. म्हणजे पुस्काशवाचून हंगेरीने जगातले दोन अत्यंत बलाढ्य संघ हरवले. मग 4 जुलैला बर्नला अंतिम सामना आला, आणि पुस्काश परतला. घोटा पुरता बरा झालेला नव्हता. तरी तो खेळला, आणि हंगेरी 3-2 अशी हरली.

पाहा, आपला नेहमीचा प्रश्न इथे कसा उलटा होतो. "पुस्काश असता तर" असे म्हणायची सोय नाही, कारण तो होता. म्हणून लोक दोन बाजूंनी बोलू लागले. एक बाजू म्हणाली, "तो ठणठणीत असता तर!" दुसरी बाजू म्हणाली, "तो खेळलाच नसता तर!" एकच पराभव, एकच दुखरा घोटा, आणि त्याच्यातून दोन विरुद्ध उत्तरे निघाली. तर्कशास्त्राच्या मास्तराला अशा ठिकाणी थांबावेच लागते. जे कारण दोन्ही बाजूंना सारखेच कामाला येते, ते कारण म्हणून पुरेसे पक्के नसते.

मग काय करायचे? माझ्या मते "तो असता तर" म्हणण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: तो म्हणजे कोणता तो? आपण मनात जो उभा करतो तो त्याच्या उत्तम दिवसाचा खेळाडू असतो. त्याचा एकही फटका चुकत नाही, त्याला दम लागत नाही, पंच त्याच्याविरुद्ध शिटी वाजवत नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. पण खरा खेळाडू हजर असतो तेव्हा चुकतोही. त्या दिवशी तो जसा असता, तसा धरला पाहिजे. बर्नला पुस्काश जसा होता तसा आपल्याला माहीत आहे. दुखऱ्या घोट्यानेच त्याने सहाव्या मिनिटाला पहिला गोल केला. सामना संपायला जेमतेम दोन मिनिटे उरली असता त्याने पुन्हा चेंडू जाळ्यात मारला, पण रेषापंचाने ऑफसाइडचे निशाण वर केले आणि तो गोल धरला गेला नाही. लंगडणाऱ्या माणसाने आणखी काय करायचे होते?

दुसरा प्रश्न: तो कोणाच्या जागी? मैदानात अकराच जण मावतात. एक आत आला की एक बाहेर जातो. आपण जमेची बाजू मांडतो आणि खर्चाची विसरतो. उरुग्वेविरुद्ध खेळलेला पेटर पालोताश अंतिम सामन्यात बाहेर राहिला. उजव्या बगलेवरचा बुदाई, जो उपांत्य सामन्यात खेळला होता, तोही बाहेर गेला आणि पुढच्या फळीची मांडणी बदलली. शेतकरी मंडळींना हे समजावून सांगायला नको. आपला सर्वांत चांगला बैल पायाने अधू झाला असेल तर तो चांगला आहे एवढ्यावर आपण त्याला औताला जुंपत नाही. कारण मग भार जोडीदारावर येतो, आणि तास वाकडे जाते ते दोघांचे जाते. पुस्काशला उतरवण्याचा निर्णय चूक होता असे मी म्हणत नाही. इतका मोठा खेळाडू, इतका मोठा सामना. प्रशिक्षक शेबेश यांच्या जागी दुसरा कोणीही असता तरी त्याला मोह झाला असता. मी एवढेच म्हणतो की हिशेब मांडायचा तर दोन्ही रकाने भरले पाहिजेत.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: सामना कुठे हरला? नसलेल्या किंवा जायबंदी खेळाडूचे जे काम, तिथेच हरला का? बर्नला आठव्या मिनिटाला हंगेरी दोन गोलांनी पुढे होती. याहून चांगली सुरुवात धडधाकट पुस्काशनेही दिली नसती. पण दहाव्या मिनिटाला जर्मनीच्या मोरलॉकने एक गोल फेडला आणि अठराव्या मिनिटाला हेल्मुट रानने बरोबरी केली. मग हंगेरीने हल्ल्यामागून हल्ले चढवले. हिदेगकुटीचा फटका खांबावर आदळला, कोचिशचे हेडर आडव्या दांडीला लागले, एक चेंडू जर्मन बचावपटूने रेषेवरून परत लावला, आणि टोनी टुरेक या गोलरक्षकाने उरलेले अडवले. पाऊस कोसळत होता. जर्मन कर्णधार फ्रिट्झ वाल्टर याला युद्धकाळात मलेरिया झालेला होता. उन्हात त्याचा खेळ मंदावे आणि अशा पावसात तो खुले. जर्मनांच्या बुटांना आटे फिरवून बसवण्याचे खिळे होते, म्हणून चिखलासाठी ते लांब खिळे लावू शकले. हंगेरीचे खेळाडू चार दिवसांपूर्वी जादा वेळेपर्यंत झुंजून आले होते. जर्मनीने मात्र आपला उपांत्य सामना ऑस्ट्रियाविरुद्ध 6-1 असा आरामात जिंकला होता. आणि 84 व्या मिनिटाला रानने डाव्या पायाने तिसरा गोल मारला.

आता सांगा, यातले कोणते एक कारण धरायचे? पुस्काशचा घोटा, पाऊस, बुटांचे खिळे, खांब, रेषापंचाचे निशाण, की उरुग्वेशी झालेली दमछाक? सामना एका गोलचा होता. एका गोलच्या सामन्यात यातली कोणतीही एक गोष्ट बदलली असती तर निकाल बदलणे शक्य होते. म्हणून "पुस्काश धडधाकट असता तर हंगेरी जिंकली असती" हे वाक्य मला खोटे वाटत नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर बहुधा जिंकली असती. पण हे वाक्य फार स्वस्त आहे. तेवढेच खरे ठरतील अशी दहा वाक्ये त्याच्या शेजारी उभी आहेत, आणि त्यांतली निम्मी जर्मनांच्या तयारीबद्दलची आहेत.

सामना एका गोलचा नसेल तर काय होते, तेही पाहू. 2014 साली विश्वचषक ब्राझीलमध्येच भरला होता. उपउपांत्य सामन्यात कोलंबियाच्या खेळाडूचा गुडघा पाठीत बसून नेमारच्या मणक्याला इजा झाली आणि त्याची स्पर्धा संपली. कर्णधार थियागो सिल्वा याला पिवळ्या कार्डांमुळे पुढचा सामना बंद झाला. 8 जुलैला बेलो होरिझोंते येथे उपांत्य सामन्यापूर्वी राष्ट्रगीताच्या वेळी ब्राझीलच्या खेळाडूंनी नेमारचा सदरा हातात धरला होता. जो नाही त्याची आठवण घेऊनच ते मैदानात उतरले. जर्मनीने पहिल्या 29 मिनिटांत पाच गोल केले आणि सामना 7-1 असा जिंकला. नेमार हा गोल करणारा खेळाडू; गोल अडवणे हे त्याचे काम नव्हे. सिल्वा बचावातला होता, म्हणून त्याच्या नसण्याचा परिणाम झाला असे म्हणायला थोडी जागा आहे. पण सहा मिनिटांत चार गोल खाणारा संघ एका माणसाच्या नसण्याने कोसळला, असे म्हणणे म्हणजे सबंध भिंत पडल्यावर एका विटेला दोष देण्यासारखे आहे.

ब्राझीलच्याच इतिहासात याचे उलटे उदाहरणही आहे. 1962 साली चिलीमधल्या विश्वचषकात दुसऱ्याच सामन्यात पेलेचा स्नायू दुखावला आणि तो पुढे खेळूच शकला नाही. पेले म्हणजे त्या खेळाचा राजा. त्याच्या जागी अमारिल्दो नावाचा तरुण आला. स्पेनविरुद्ध त्याने दोन गोल केले आणि ब्राझील 2-1 अशी जिंकली. अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध ब्राझीलचा पहिला गोल त्याचाच होता. ब्राझील 3-1 अशी जिंकून जगज्जेती झाली. गारिंचाने ती सबंध स्पर्धा गाजवली, हेही सांगितले पाहिजे. चारच वर्षांनी, 1966 साली इंग्लंडमध्ये, पेले पहिल्या सामन्यात दुखावला, दुसऱ्यात नव्हता, तिसऱ्यात अपुऱ्या तयारीने परतला आणि पोर्तुगालविरुद्ध पुन्हा जायबंदी झाला. ब्राझील पहिल्याच फेरीत बाहेर पडली. इजा दोन्ही वेळा त्याच खेळाडूला झाली. फरक होता तो उरलेल्या दहांमध्ये. 1962 चा संघ भरात होता. 1966 च्या संघात जुने खेळाडू थकलेले होते आणि नव्यांची घडी बसलेली नव्हती.

एक गंमत पाहा. 1962 साली "पेले असता तर" असे कोणी म्हटले नाही. जिंकल्यावर ते कोणाला आठवत नाही. म्हणजे हे वाक्य खेळाच्या अभ्यासातून येत नसून पराभवाच्या दुःखातून येते. दुःखातून आले म्हणून ते वाईट ठरत नाही. हळहळ वाटणारच. पण दुःख एका जागी थांबत नाही. ते कोणाला तरी दोषी ठरवू पाहते, आणि तिथून माणसावर अन्याय सुरू होतो.

बर्ननंतर हेच झाले. चार वर्षांत न हरलेला संघ हरला, हे बुडापेस्टच्या लोकांना सोसवले नाही. लोक रस्त्यावर उतरले. तिथले सरकारही कडक. गोलरक्षक ग्युला ग्रोसिच याच्यावर त्याच वर्षी पुढे देशद्रोहाचा आणि हेरगिरीचा संशय घेतला गेला, आणि त्याला बराच काळ खेळापासून दूर ठेवण्यात आले. ज्या माणसाने देशासाठी चार वर्षे गोल राखला, त्याच्या वाट्याला हे आले. 1956 च्या उठावानंतर तर तो संघच विखुरला; पुस्काश, कोचिश आणि त्सिबोर परदेशातच राहिले. पुस्काश पुढे स्पेनच्या रेआल माद्रिद संघात गेला, आणि 1960 साली युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने एकट्याने चार गोल केले, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. दुखऱ्या घोट्याने त्याचा खेळ संपवला नव्हता.

आणखी एका पक्षावर अन्याय होतो. तो म्हणजे जिंकणाऱ्यांवर. "आमचा तो नव्हता म्हणून तुम्ही जिंकलात," असे म्हटले की समोरच्याचे सगळे कष्ट पुसले जातात. हेर्बर्गर यांनी पावसाचा, बुटांचा, विश्रांतीचा विचार केला. रान 84 व्या मिनिटालाही धावत होता. जर्मनीत लाखो लोकांनी तो सामना रेडिओवर ऐकला, आणि त्या समालोचकाचा आवाज आजही तिथे आवडीने ऐकवला जातो. तो विजय त्यांचा होता.

शिक्षक मंडळींना विचारावेसे वाटेल, मग मुलांना सांगायचे काय? "जर-तर करू नका" असे सांगून भागत नाही. मी एक आपल्याकडचे उदाहरण सांगतो. 1962 साली जकार्ता येथे आशियाई खेळांत आपला फुटबॉल संघ खेळत होता. सुरुवातीचा सामना आपण दक्षिण कोरियाकडून 0-2 असा हरलो होतो. पुढे थायलंडविरुद्ध आपला बचावाचा आधारस्तंभ जर्नैल सिंग याचे डोके फुटले. टाके घालावे लागले. आता तो नेहमीच्या जागी नेहमीसारखा खेळू शकणार नव्हता. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी "जर्नैल ठीक असता तर" म्हणत वेळ घालवला नाही. त्यांनी बचावातली जागा इतरांवर सोपवली आणि जर्नैलला पुढच्या फळीत नेले. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला. 4 सप्टेंबरला अंतिम सामना त्याच दक्षिण कोरियाशी झाला. एक गोल पी. के. बॅनर्जी यांनी केला, एक जर्नैल सिंग याने, आणि भारताने 2-1 असे सुवर्णपदक जिंकले.

पुस्काशही दुखापत घेऊनच उतरला होता, आणि जर्नैलही. दोघेही शूर. जर्नैलला मात्र त्या दिवशी जे जमेल ते काम दिले गेले, आणि त्याची जुनी जागा दुसऱ्या कोणावर तरी पूर्ण विश्वासाने टाकली गेली. हा दुसऱ्यावर टाकलेला विश्वास मला फार मोलाचा वाटतो. "तो असता तर काय झाले असते?" या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळ नाही. "तो नाही, तर जो आहे त्याच्याकडून काय होईल?" याचे उत्तर मात्र मैदानावर मिळते.

शेवटी आमच्या त्या मागच्या बाकावरच्या मुलाचे सांगतो आणि थांबतो. मी त्याच्या खोलीवर गेलो. म्हटले, "अरे, त्या दिवशी मी मान डोलावली, ती चूक झाली. एका गोलने हरलो ते अकरा जण हरलो, आणि मी धरून बारा." तो काही बोलला नाही. चहा पाजला त्याने. मला वाटले, जमले नाही आपल्याला. पण पुढल्या सोमवारी मैदानावरून चक्कर टाकली तेव्हा तो बुटांच्या नाड्या बांधत बसला होता, आणि शेजारी घोटा बरा झालेला आमचा तरबेज खेळाडू चेंडूत हवा भरत होता. त्या वर्षी आम्ही काही चषक जिंकला नाही. पण हरून परत येताना गाडीत "तो असता तर" हे शब्द मात्र कोणी काढले नाहीत.